वाळूची दोन पोती

मित्रांनो, मी जालन्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावरचा जुना गोलपोस्ट आहे. मला हात लावण्याआधी माझी गोष्ट ऐकून घ्या, कारण माझ्या हातून एक मुलगा गेला आहे.

माझा जन्म एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधला. लोखंडी पाइप कापून, वेल्डिंग करून मला घडवलं, आणि इजहार सर दिवसभर कारागिरांच्या डोक्यावर उभे राहिले. ते तेव्हा कॉलेजात फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नवीनच लागले होते. गावाला क्रिकेटपुढे काही सुचत नव्हतं. मैदान एकच, त्यावर परेड व्हायची, स्नेहसंमेलनाचा मांडव उभा राहायचा. म्हणून मला जमिनीत गाडलं नाही, उचलून नेता येईल असं ठेवलं.

मागच्या पायांवर वजन नसेल तर मी तोंडावर पडणार, हे सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. बियाण्यांच्या कंपनीतून त्यांनी दोन रिकामी पोती मागून आणली आणि वाळूनं भरली. पुढे वीस वर्षं रोज सकाळी ते स्वतः ती पोती ठेवायचे, दोरीनं बांधायचे, गाठ दोनदा ओढून बघायचे आणि मगच शिट्टी वाजवायचे. माझ्या आडव्या दांड्याला कुणी लोंबकळलं की ओरडायचे, "उतर खाली. ते झाड न्हाई."

आमचा गोलकीपर होता कल्याण, जाफराबादकडचा. एकदा अंतिम सामन्यात शेवटचा फटका माझ्या खांबाला लागून बाहेर गेला आणि आम्ही जिंकलो. त्यानं धावत येऊन माझा मुका घेतला. गोलपोस्टचा मुका घेणारा माणूस मी तेवढाच पाहिला. सर रडले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

त्याच वर्षी हिवाळ्यात संमेलनाचा मांडव उभा राहिला. मांडववाल्यांनी माझी पोती उचलून त्यांच्या खांबांना लावली. सकाळी सर आले तेव्हा ती काढली असती तर मांडव कलला असता. सर क्षणभर थांबले. "आज राहू द्या," ते म्हणाले. "दहाच मिनिटं खेळू."

वीस वर्षांत एकदाच.

कल्याणनं एक उंच चेंडू बाहेर घालवला आणि त्या आनंदात उडी मारून माझा दांडा दोन्ही हातांनी धरला. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण ती वाजली नाही. मी पुढे झुकलो. मला थांबायचं होतं, मित्रांनो. लोखंडाला थांबता येत नाही.

नंतर संघ बंद झाला. मला भिंतीकडेला आडवं टाकलं. शिपाई माझ्यावर सतरंज्या वाळत घालायचा. वारा सुटला की कल्याणची दहा बोटं दांड्यावर घट्ट व्हायची. ती कधी गेलीच नव्हती. आणि रोज सकाळी सर यायचे. मी पडलेलोच, आणखी कुठे पडणार? तरी माझ्या पायांवर ते पोती ठेवायचे, गाठ दोनदा ओढायचे आणि निघून जायचे.

अशी तीन वर्षं गेली. यंदा एका सकाळी कल्याणची आई चतुराबाई तिथे आली. सोबत त्याची धाकटी बहीण भावना होती. तिनं याच कॉलेजात नाव घातलं होतं.

"सर, हिला खेळायचंय. भावाच्या जागी उभी राहीन म्हणती."

सर पोत्यावरून उठले. "माझ्याकडं पोरं देऊ नका, चतुराबाई. राग न्हाई का तुम्हाला माझा?"

"आल्ता. अजून हाये." ती पोत्यांकडे बघत होती. "म्हणूनच तुमच्याकडं आणली. तुम्ही आता चुकणार न्हाई. पण पडलेल्यावर कशाला वजन ठेवून राह्यलात? उभं करा त्याला. पाय गाडा."

सरांनी पोत्यांच्या गाठी सोडल्या. मग ते प्राचार्यांकडे गेले आणि निम्मं मैदान कायमचं मागून आले. खड्डे खणले, मला गुडघ्यापर्यंत काँक्रीटमध्ये उभं केलं. त्यावर सरांनी स्वतः रोज पाणी मारलं.

पहिल्या सरावाला नव्या संघातल्या मुली रांगेत उभ्या होत्या. सरांनी तीच दोन पोती माझ्याखाली एकावर एक रचली, वर चढले, दांडा धरला आणि पाय सोडून दिले. निवृत्तीला आलेला माणूस लोंबकळतोय म्हणून दोघीतिघी हसल्या. भावना हसली नाही.

मी हललो नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत उचलून ठेवायचा गोलपोस्ट असेल. खेळण्याआधी त्याच्या पायांवर वजन आहे का, एवढं बघा. दहाच मिनिटं खेळायचं असेल तरी बघा.

सर अजून रोज हात भरून येईपर्यंत लोंबकळतात आणि मगच शिट्टी वाजवतात. ते बरोबर त्याच जागी धरतात. त्यांच्या बोटांखाली कल्याणची बोटं असतात, आणि मी दोघांनाही धरून उभा असतो.