टाकीच्या तोंडाशी

बंद टाकीत उतरणाऱ्या माणसांनी जिवंत बाहेर कसे यावे, हे मी परदेशात दोन वर्षे शिकवत होतो. आणि त्या दोन वर्षांत मी स्वतः एकदाही टाकीत उतरलो नव्हतो.

कारखान्यांच्या रांगेत आमच्या केंद्राची पत्र्याची लांब शेड होती. वर्गात फळा, अकरा खुर्च्या, भिंतीवर खुंट्यांना लटकलेले कमरेचे पट्टे. मागच्या अंगणात सरावाची लोखंडी टाकी आडवी पडलेली. तिच्या पाठीवर एक गोल तोंड होते, माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढे. मी शिकवायचो: आधी हवा तपासा. दोराला एक हिसका म्हणजे ठीक, तीन हिसके म्हणजे ओढा. आणि बाहेर दोर धरून बसलेल्याने, काहीही झाले तरी, आत उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा जातो आणि दोघेही तिथेच राहतात. एरवी वर्गात माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नसे. हा नियम सांगताना मात्र तो खणखणीत होई. त्या नियमाच्या आड मी लपलो होतो.

आठ वर्षांपूर्वी माझा दादा अशाच एका टाकीचा गाळ काढायला उतरला होता. मी वर बसून बादली ओढत होतो. चौथी बादली रिकामीच वर आली. मी तोंडाशी पालथा पडून आत पाहिले. अंधार होता, आणि शेजारच्या पंपाच्या धडधडीत आतून काहीच ऐकू येत नव्हते. मी उतरलो नाही, ते बरोबरच होते. नियमही तेच सांगतो. पण मी हाकही मारली नाही. भीतीने मी तसाच पालथा पडून राहिलो. क्रेनवाल्याने मला तसे पडलेले पाहिले म्हणून माणसे धावली; तोवर उशीर झाला होता. घरी मी सांगितले, "मी सारख्या हाका मारत होतो, पण त्याला ऐकू गेलं नसणार." आईने ते मानले, वहिनीने मानले. हळूहळू मीही अर्धे मानले: हाक मारली नाही हे खरे, पण मारली असती तरी त्या लोखंडातून ती पोचली कुठे असती?

त्या दिवसापासून मला बंद जागा सोसत नाही. लिफ्ट नको म्हणून मी खोली तळमजल्यावर घेतली होती, आणि न्हाणीघराच्या दाराला कडी लावत नव्हतो.

मग एके सकाळी केंद्रप्रमुख बाईंनी बोलावले. त्या त्यांच्या भाषेत, शांतपणे म्हणाल्या, "शिकवणाऱ्यानेही उतरून दाखवायचं, असा नवा नियम आलाय. सोमवारपर्यंत वेळ आहे. नाहीतर तुमचा करार मला वाढवता येणार नाही."

त्या तुकडीत माझी भाषा बोलणारा एकच जण होता, साठीला टेकलेले एक वेल्डरकाका. समोरच्याला मराठी येते की नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. ते सगळ्यांशी मराठीतच बोलत, आणि नवल म्हणजे त्यांचे अडत नसे. टाकीतून ओढून आणायला ठेवलेल्या वाळूच्या बाहुल्याला त्यांनी जावई असे नाव ठेवले होते. "हातपाय हलवायचे नाहीत, उचलून आणावं लागतं, वर वजन बघा! जावई नाहीतर कोण?"

बातमी त्यांना कळली होती. "मास्तर, सोमवारी तुमची परीक्षा म्हणे?"

"हो."

"बरं झालं. पोहायला शिकवणाऱ्याचे निदान पाय तरी ओले असावेत." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते ओशाळले. "दोर मी धरीन. माझ्या हातून अजून कुणी सुटलेलं नाही."

सोमवारी सकाळी मला दोनदा उलटी झाली. पट्टा बांधताना बक्कल तीनदा निसटले. शिडीच्या सात पायऱ्या मी मोजून उतरलो. वरचा उजेड आधी परातीएवढा, मग वाटीएवढा झाला. आत गंजाचा वास होता आणि कपाळावरच्या दिव्याचा पिवळा डाग माझ्याआधी थरथरत होता. मधल्या पत्र्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक भोक होते. त्यातून सरपटत पलीकडे जायचे, बाहुल्याला दोर बांधायचा आणि परत यायचे. मी त्या भोकापाशी थांबलो. हात दोराकडे गेला. दोन हिसके मी दिलेच असतील. तिसरा द्यायचा राहिला होता.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी बोलले.

"अरे बाबा, माझ्यामागून दोर इतका ताणू नकोस, म्हैस बांधलीयस का त्याला? सैल सोड. हां. मास्तर उतरला बघ. सकाळी दोनदा उलटी केली, मी पाहिलं. तोंड धुऊन आला आणि वर मलाच विचारतो, काका, तुमचा पट्टा नीट आहे ना? गुणी पोर आहे. आता त्या भोकापाशी बसला असेल. बसू दे. घाई कुणाला आहे?"

शेजारी, अगदी खांद्याजवळ बसून बोलावे, इतका तो आवाज स्वच्छ होता. मी दिवा विझवला. वर काकांच्या चष्म्याची डबी टक्कन मिटली. कुणाचा तरी बूट पत्र्यावर घासला. कुणीतरी नाक ओढले. बाहेरचे सगळे, सगळेच्या सगळे, आत येत होते.

त्या दिवशी माझ्या चपला पत्र्यावर घासत होत्या. बादलीची कडी वाजली होती. माझा श्वास त्या तोंडातून आत पडत होता. दादाला ऐकू येत होते. वर मी आहे, हे त्याला कळत होते. आणि मी काहीच बोललो नाही.

किती वेळ बसलो, ठाऊक नाही. मला त्या टाकीची भीती वाटेनाशी झाली होती. भीतीला बसायला आत जागाच उरली नव्हती. काका कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीचा किस्सा सांगत होते. तो संपेपर्यंत मी भोकातून सरपटून बाहुल्याला दोर बांधून आलो होतो.

बाहेर उजेडाने डोळे दुखले. बाईंनी कागदावर सही केली.

"आणलात जावई?" काका हसले. "आहेर काय दिलात?"

"काका, तुम्ही बोललेलं सगळं आत ऐकू येतं."

"येणारच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मग काय, तुमच्या उलट्यांचं कौतुक लोखंडाला सांगत होतो? बाहेरच्यानं बोलत राहायचं असतं, मास्तर. आतल्याला तेवढाच आधार. टाकीत काम केलेल्या कुणालाही विचारा."

माझ्या पुस्तकात हा नियम नव्हता.

वहिनीचा फोन दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत येई. "भाऊजी, जेवलात का?" तिने नेहमीसारखे विचारले.

"वहिनी, त्या दिवशी मी हाका मारल्या नव्हत्या."

पलीकडे नळ चालू होता. तो कुणी बंद केला नाही.

"एकही नाही," मी म्हणालो. "आणि त्याला ऐकू आलं असतं. मी आत जाऊन पाहिलं."

तिने नळ बंद केला. मग ती म्हणाली, "आईंना सांगू नका." आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

नवी तुकडी आली. आता मी नियमांत एक वाढवला आहे: बाहेरच्याने गप्प बसायचे नाही. काय बोलायचे, असे विचारतात. मी सांगतो, काहीही. पहिल्यांदा दोर मीच धरतो. माझ्यासारख्या घुम्या माणसाला हे सोपे नाही. दोन मिनिटांत विषय संपतात. काल आत गेलेल्या माणसाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. मी त्याला सांगत होतो की वारा सुटलाय, पलीकडच्या शेडवर पत्रे चढवतायत, मी इथेच आहे, माझा भाऊ तुझ्याएवढाच होता.

दोराला एक हिसका बसला. ठीक.

खिशात फोन थरथरू लागला. शुक्रवार होता, दुपारची सुट्टी होऊन गेली होती. दोर हातात असताना फोन घ्यायचा नसतो. तो थांबला, पुन्हा थरथरू लागला. मी तोंडाशी आणखी वाकलो आणि बोलत राहिलो.