आईच्या मोबाइलचा चार्जिंग पोर्ट

मी एका मोबाइलचा चार्जिंग पोर्ट बोलतोय. चार्जरची वायर तुम्ही जिथे खुपसता ना, ते इवलंसं तोंड. करंगळीच्या नखाएवढा जीव माझा, पण मोबाइलच्या पोटात जे काही जातं ते माझ्यातूनच.

आमच्या घरात तिघं. सुतारकाम करणारे बाबा, आई आणि शाळेत जाणारी मुलगी. घशाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला. त्याआधीच्या आठवड्यात मुलीने आईची रोजची एकेचाळीस वाक्यं तिच्याच आवाजात मोबाइलमध्ये भरून घेतली होती. ‘दार लावून घे.’ ‘भूक लागली का?’ ‘अहो, ऐकलंत का?’ आता आई पडद्यावर बोट ठेवते आणि मोबाइल तिच्या आवाजात बोलतो.

“हल्ली कमी बोलतेस, पण मुद्द्याचं बोलतेस,” बाबा चिडवायचे. आई लगेच ‘पुरे झालं’वर बोट ठेवायची.

माणसं मला कधी सरळ वागवत नाहीत. कोणी न बघताच वायर उलटी घुसवतं, कोणी वायरीसकट मोबाइल ओढतं. मी सैल होत गेलो. मग वायरीखाली कागदाची घडी, वर रबरबँड आणि “कोणी हलवू नका!” अशी सगळ्यांना ताकीद.

शेवटी बाबा मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी भिंगातून बघत मला नव्याने डाग देऊन बोर्डाला जोडलं आणि आधाराला डिंकाचा एकच ठिपका ठेवला.

“आतला बोर्ड कमजोर झालाय. हा पुन्हा उखडला तर दुसरा बसणार नाही. आतलं सगळं दुसऱ्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवा,” त्या म्हणाल्या.

“रविवारी घेतो,” बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना तो ठिपका खुपायला लागला. खुर्चीच्या सांध्यात ते डिंक बाहेर ओघळेपर्यंत भरतात, तेव्हा कुठे त्यांचं समाधान होतं. “एवढ्याशाने काय होणार?” असं म्हणत त्यांनी झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी माझ्या कडांवर पिळली. डिंक आत उतरला. घाबरून त्यांनी सुई घातली, तशा माझ्या पितळी पट्ट्या मोडल्या.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मोबाइलमध्ये दोन टक्के बॅटरी उरली होती.

“बाबा! काय केलंत हे?”

ती बाबांच्या जुनाट मोबाइलवर एकेक वाक्य पाठवायला लागली. वाक्यं रांगत रांगत जात होती.

“आई, आधी कुठलं?”

आईने मुलीला मारलेली हाक दाखवली. मग ‘अहो, ऐकलंत का?’ मग ‘जपून जा.’ सातवं वाक्य जाता जाता पडदा काळा झाला.

बाबा सुईने मला टोकरतच राहिले.

“अगं, रागावलीस का?” त्यांनी खाली बघतच विचारलं.

‘नाही हो’ हे वाक्य आतच राहिलं होतं. आईने मान हलवली. बाबांना ते दिसलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मान हलवली.

माझ्यातून आता काहीच आत जाणार नाही, मला ते केव्हाच कळलंय. बाबा, सुई ठेवा खाली. मला सोडा आणि मान वर करा. ती तुम्हाला उत्तर देतेय.