रत्नमालाबाईंचा साबण

मंडळी, दुष्काळाच्या त्या सालांत आपलं शहर दौलताबादच्या रस्त्यानं लई फोफावलं, पण नळ काही त्याच्या मागं आला नाही. तिकडच्या एका नव्या वसाहतीत कारभारी आणि त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई राहायच्या. टँकर आठव्या दिवशी यायचा, म्हणून बाई पाणी तुपासारखं जपायच्या. संडासातून आलं की हातावर चार थेंब शिंपडायचे, झालं! साबण लावला तर तो धुवायला तांब्याभर पाणी जातं, असं त्यांचं म्हणणं.

साबण निघायचा तो फक्त धाकट्या दिरासाठी. खंडेरावाला एचआयव्ही होता. तो शहागंजात शिलाईकाम करायचा, रोज गोळ्या घ्यायचा. पण त्याचं उष्टं ताट उचललं की बाई कोपरापर्यंत तीन-तीनदा हात घासायच्या. तेव्हा मात्र टँकरची आठवण व्हायची नाही.

मे महिन्यात कारभारींचं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं. एका संडासासाठी नवरा-बायकोची अशी शर्यत लागली की विचारू नका! आतला कडी लावतो न लावतो तोच बाहेरचा दार बडवायचा. दोन दिवसांत दोघं सावरले आणि खंडेराव आडवा पडला. चौथ्या दिवशीही त्याचे जुलाब थांबेनात, डोळे खोल गेले. बाईंनी निदान करून टाकलं: हा रोग यानंच घरात आणला, याला गंगापूरला गावी धाडा. कारभारी मान खाली घालून भावाची पिशवी भरू लागले.

तेवढ्यात गोळ्यांच्या केंद्रातल्या सुकेशनी सिस्टर दारात उभ्या राहिल्या. खंडेराव तारखेला आला नाही, म्हणून त्या चौकशीला आल्या होत्या. त्यांनी आधी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली आणि मग बाईंना विचारलं, आधी आजारी कोण पडलं?

"हे. मग मी. भाऊजी शेवटी," बाई म्हणाल्या.

"ताई, एचआयव्ही ताटातून, पाण्यातून, शिवल्यानं लागत नाही. हा जुलाबाचा विषाणू मात्र न धुतलेल्या हातावरून ताटात उतरतो. तुम्ही दोन दिवसांत उठलात. त्यांच्या अंगात तेवढी ताकद नाही, त्यांच्या जिवावर बेतलंय. साबण ताट उचलल्यावर नाही, वाढायच्या आधी लावायचा होता!"

खंडेराव तीन दिवस सलाईनवर होता. बाई उशाशी बसून होत्या. त्याला काही होऊ नये म्हणून दिसेल त्या देवाला हात जोडत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "वहिनी, गावी कधी निघू?"

बाईंना रडू आवरेना. "कुठं नाय जायचं, भाऊजी. आजारी मी पाडलं अन् आळ बी तुमच्यावरच घेतला. चुकले मी."

खंडेराव घरी आला तो आपल्याच घरी आला. तर मंडळी, पाणी जरूर वाचवा, पण हात धुण्याचं वाचवू नका. आणि घरात आजार शिरला की लगेच माणसाकडं बोट दाखवू नका. ते बोट साबणानं शेवटचं कधी धुतलं होतं, ते आधी आठवा!