अण्वस्त्रधारी देशांचा जिवंत देखावा

वारज्याच्या शांतिबन सोसायटीत गणपतीच्या दिवसांत शांतता नसते, आणि एरवी तर मुळीच नसते. यंदाच्या जिवंत देखाव्याचा विषय ठरला ‘अण्वस्त्रधारी देश’. तो सुचवला सुनीतीबाई गोगट्यांनी. बाईंनी उभा जन्म कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवला होता. नीट सांगितलं की माणसांना कळतं, अशी त्यांची समजूत होती. नोकरी संपली, समजूत राहिली.

संहिता बाईंनीच लिहिली. जिवंत देखाव्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि कलाकार मंचावर नुसते ओठ हलवतात. त्यामुळे अभिनय येत नसला तरी चालतं, आणि शांतिबनात ते चालवून घेण्याची जुनी परंपरा होती. नऊ देश नऊ खुर्च्यांवर बसून आपापल्या बॉम्बची थोरवी गाणार. शेवटी दहावं पात्र येणार, दक्षिण आफ्रिका. या देशानं बॉम्ब तयार केले आणि पुढे स्वतःच मोडीत काढले. त्याला बोलायला इतकंच : “माझ्याकडे होते. मी मोडले. मी अजून आहे.”

बाकीची सगळी पानं बाईंनी एवढ्यासाठीच लिहिली होती.

“ह्ये काढा,” अध्यक्ष हिंमतराव म्हणाले. ते मूळचे लोणी काळभोरचे. सोसायटीत त्यांचे तीन फ्लॅट होते आणि मतंही साधारण तेवढीच. “टाळी पडायच्या टायमाला ह्यो कोण उघडाबोडका आणून उभा करताय?”

“तो शेवट आहे, हिंमतराव.”

“आवो बाई, ज्याच्याकडं काय न्हाई, त्याचं कोण ऐकतंय?”

“ते वाक्य निघालं तर संहिताही माझ्याबरोबर घरी येईल.”

“ऱ्हाऊ द्या मग. पर माणूस तुमीच शोधायचा.”

माणूस मिळाला नाही. त्या भूमिकेला खुर्ची नव्हती, आणि खुर्चीशिवाय शांतिबनात कुणी उभंसुद्धा राहत नसे. शेवटी बाईंनी ती स्वतःच घेतली.

बाकीचे देश चिठ्ठ्या टाकून वाटले. भारत तेवढा हिंमतरावांनी अध्यक्ष या नात्यानं चिठ्ठीबाहेर, स्वतःसाठी ठेवला. पाकिस्तान निघाला यज्ञेश्वर साठ्यांना. हे बँकेतून निवृत्त झालेले, आणि पार्किंगच्या एका पांढऱ्या पट्ट्यावरून हिंमतरावांशी त्यांचं हाडवैर होतं.

“चिठ्ठी पुन्हा काढा,” यज्ञेश्वर म्हणाले.

“कशापायी? आपल्या हद्दी लागूनच हायेत की. तुमची गाडी रोज घुसखोरी करती.”

“मी आपल्याशी बोलत नाहीये. मी चिठ्ठीशी बोलतोय.”

पहिल्या तालमीला हिंमतरावांनी आपली खुर्ची रंगाच्या रिकाम्या डब्यांवर चढवली. विचारलं तर म्हणाले, “आपला बॉम्ब शांततेसाठी हाय. शांतता लांबून दिसली पाहिजे.” दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरांच्या खुर्चीखाली तेवढेच डबे, वर एक वीट. ती वीट पाहिल्यावर अमेरिकेनं गच्चीवरचं स्टूल आणलं. मग रशियानं आणलं. चीन काही बोलला नाही, पण रोज सकाळी बोटभर उंच दिसायचा. फ्रान्स कुणाला न विचारता चढला, ब्रिटन अमेरिकेला विचारून. उत्तर कोरिया झालेल्या कुसुमताई “आज मी आणखी एक डबा लावणार!” असं जिन्यातून ओरडत यायच्या आणि खरंच लावायच्या.

इस्रायल होता केयूर, हिंजवडीत नोकरी करणारा. त्याच्या खुर्चीवरची झालर जमिनीपर्यंत आली होती.

“खाली काय ठेवलंयस रे?” बाईंनी विचारलं.

“मावशी, ठेवलंय असंही म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. नो कमेंट्स.”

“पात्र कळलंय तुला.”

“अहो, पडाल सगळे!” बाई प्रत्येक तालमीला सांगत. त्यावर प्रत्येकाचं म्हणणं एकच : मी उतरायला तयार आहे, शेजारचा उतरला की.

डब्यांचे मनोरे डुगडुगायला लागले, तेव्हा नऊ देशांनी उतरण्यापेक्षा सोपा उपाय काढला. नऊही मनोरे त्यांनी दोरखंडानं एकमेकांना करकचून बांधले. आता एक जण अवचित उतरला असता तर बाकीच्या आठांची हाडं मोजावी लागली असती. याला यज्ञेश्वरांनी “स्थैर्य” असं नाव दिलं. हिंमतरावांना त्यांचं पटलं, असं पहिल्यांदाच झालं.

स्पर्धेचे परीक्षक आले त्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. शिडी लावून नऊ देश वर चढले. शिडी दिसायला वाईट म्हणून पोरांनी ती नेली. ध्वनिफीत सुरू झाली. थोरव्या गाऊन झाल्या, टाळ्या पडल्या. सुनीतीबाई साधी पांढरी साडी नेसून मंचावर आल्या आणि आपल्या वाक्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

वाक्य आलं नाही. तुताऱ्या वाजल्या, नगारे वाजले.

बाईंनी कोपऱ्यात पाहिलं. ध्वनिफीत सांभाळणारी ऋचा मान खाली घालून बसली होती. “काकू, अध्यक्षांनी कट करायला लावलं,” ती ओठांनीच म्हणाली. बाईंनी वर पाहिलं. हिंमतराव शांततेच्या मुद्रेत बसले होते.

मग बाई स्वतःच्या आवाजात बोलल्या. शेवटच्या बाकावर झोपलेल्यांना उठवणारा आवाज तो, पण समोर तुताऱ्या होत्या. पहिल्या रांगेतल्या परीक्षकबाई तेवढ्या वाकून म्हणाल्या, “अहो, कलाकारांनी बोलायचं नसतं. गुण जातात.” त्यांनी ते लगेच कापलेही.

पडदा पडला. परीक्षक पुढच्या मंडपाकडे गेले आणि शिडीसकट पोरं त्यांच्यामागे गेली. गर्दी प्रसादाकडे वळली. नऊ देश वरच राहिले.

“बाई, शिडी बघा जरा,” अमेरिका म्हणाली.

“शिडी नाही. पण मनोऱ्यांना पायऱ्या आहेत. सगळे एकदम एकेक डबा खाली आलात तर कुणी पडणार नाही. मी तीन म्हणते.”

बाईंनी तीन म्हटलं. नऊ जणांनी पाय उचलल्यासारखं केलं आणि शेजाऱ्याच्या पायाकडे पाहिलं. कुणी हललं नाही.

“आपण उतरला नाहीत,” यज्ञेश्वर कडाडले.

“तुमी उतरला व्हय? टाच तरी हलली का तुमची?”

“मला माहीत होतं आपण फसवणार!”

“म्हणूनच न्हाई उतरलो!”

“हलू नका हो!” कुसुमताई किंचाळल्या. सगळा मंच करकरला. नऊ जणांनी खुर्च्यांचे हात गच्च धरले.

“बाई, पुन्हा मोजा,” हिंमतराव म्हणाले. आवाज बराच खाली आला होता, एवढंच काय ते खाली आलं. “ह्या वक्ताला उतरतो. आईशप्पथ.”

“मोजायचं नंतर बघू,” सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांनी ऋचाला तुताऱ्या बंद करायला लावल्या आणि मागचं दारही लावून घ्यायला सांगितलं. मग एक साधी खुर्ची ओढून त्या नऊ देशांसमोर बसल्या.

“माझ्याकडे होते. मी मोडले. मी अजून आहे,” त्या म्हणाल्या. वाक्य भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. मग त्यांनी ते का मोडले, कसे मोडले, युरेनियमचं काय केलं, हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. वर्गात कधी नव्हती इतकी शांतता होती. कुणी जांभई देत नव्हतं, कुणी घड्याळ पाहत नव्हतं.

“आता,” बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, “कुणाला शंका असेल तर हात वर करा.”

हात कुणीच वर केला नाही. खुर्चीचा हात सोडला असता तर तोल गेला असता.