दुर्गेची बिनक्लचची गाडी

माझा धाकटा दीर महिपत याने मुंबईच्या एका पारशाकडून जुनी अमेरिकन गाडी आणली, ती बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षी. फिक्या निळ्या रंगाची, मीठ वाहणाऱ्या मचव्यासारखी लांबलचक, आणि तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. त्याची बायको, माझी जाऊ दुर्गा, विहिरीवर सगळ्या बायांना सांगत सुटली, जणू तो गिअरबॉक्स तिनेच नवस बोलून मिळवला होता.

"काय करायचं न्हाय गो. नुसता पाय द्यायचा न् बसून ऱ्हायचं."

"मग तुझ्या घरात नवीन काय आलं?" मी म्हटलं, आणि घागर उचलून चालती झाले.

गाडीचा मला हेवा वाटला. खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त जळायचे मी माझ्या अमृतपायी. तो माझा एकुलता एक. नवरा गेला तेव्हा मी त्याला मिठागरावर घातला नाही, दहिसरला ट्रकच्या गॅरेजात शिकायला ठेवला. शिकला आणि घोडबंदरच्या रस्त्याला स्वतःचं पत्र्याचं छप्पर टाकलं. दुर्गेची कूस उजवली नव्हती. गाडी आल्यापासून "आमचा अमृत, आमचा अमृत" असं तिचं चाललेलं. नऊ महिने मी वाहिला आणि आमचा म्हणे हिचा.

गाडी दारात आल्यावर थोड्याच दिवसांत रुसायला लागली. सकाळी गार असली की सरळ चालायची. तापली की इंजिन ओरडायचं आणि चाकं ढिम्म. घोडबंदरच्या चढावर तर एकदा नुसती गुरगुरत मागे यायला लागली. महिपतने उडी मारून चाकामागे दगड लावला. दुर्गा आत डोळे मिटून बसलेली. हे मला कळलं तेव्हा मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

मुंबईचा कोणी मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्सच्या आतल्या पट्ट्या गेल्या, सामान अमेरिकेहून येईल. मग अमृतला बोलावणं आलं. त्याबरोबर दुर्गेने दुसरंही बोलून घेतलं.

"अमृत, आमच्या माडीवरच राहायला ये. गाडीपाशी आपला माणूस पायजे. ते घर तुलाच ऱ्हाणार हाय पुढं."

"आधी गाडी बरी होऊ दे, काकी. मग बघू," अमृत म्हणाला.

म्हणजे गाडी आजारी तोवर पोरगा माझा. दिवेलागणीला देवापुढे हात जोडून मी काय मागत असेन ते तुम्ही समजा.

तो रोज तिच्या अंगणात गाडीखाली पडलेला. दुर्गा त्याला तळलेले बोंबील देते असं कानावर आलं. मग मीही डबा घेऊन जायला लागले. निवट्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. तिच्याच ओट्यावर बसून माझ्या हातचं त्याला खायला लावायचे. दुर्गा दारातून बघायची. बघू दे.

अमृत जेवता जेवता सांगायचा. इंजिन चालू ठेवून, गाडी तापवून त्याने गिअरबॉक्सचं तेल मोजायची कांडी काढली होती. तेल कमी आणि फेसाळलेलं.

"पण लाल हाय अजून. करपट वास न्हाय. म्हणजे पट्ट्या शाबूत हायत, आई. तेल कमी पडतं, पंप हवा ओढतो, म्हणून पकड सुटते."

"मग तेल घाल आणि मोकळा हो."

"घातलं. दोन फेऱ्यांत परत बाहेर. तेल अडवायचं रबरी सील बदललं, नव्या सीलमधनंबी फेकतंय."

नवं सील काही लगेच म्हातारं होत नाही, हे मलाही कळत होतं. मला बरंच वाटलं. चालू दे असंच.

पण एके दुपारी मी डबा घेऊन गेले तर तो गाडीखालून सरपटत आला आणि गुपचूप माझ्या हातात काहीतरी ठेवलं. बोटाच्या पेराएवढा काळा, दगडासारखा बोळा.

"गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास सोडायची नळी असते. तेल तापलं की आतली वाफ तिथनं जाते. तिच्यात हा ठासलेला. वाफेला वाट न्हाय, मग ती तेलच ढकलते सीलमधनं."

मी बोळा फिरवून पाहिला. कापसाचा पीळ, वर डांबर. मचव्याच्या फळ्यांच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून असाच भरतात. आणि पीळ उलटा. आमच्या घरात डावखुरा एकच, महिपत. जन्मभर त्याने मचव्यांची भोकं बुजवली. इथेही भोक दिसलं, मिठाचं वारं आत जाईल म्हणून बुजवलं.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आख्खी विहीर डोळ्यांसमोर आली. नवऱ्यानेच गाडीचा गळा आवळला, ही गोष्ट मी कशी कशी सांगणार, कुठे थांबणार, सगळं जुळवून झालं.

"बोलू नको कुणाला," अमृत म्हणाला. "काका रडंल."

"दुर्गेने माझं काय काय सांगितलंय गावभर, ठाऊक आहे तुला?"

"हाय ठाऊक. तरी न्हाय बोलायचं."

बोळा मी कनवटीला लावला आणि गप्प बसले. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

त्याने पुन्हा एक नवं सील बसवलं, तेल भरलं, आणि चढावर न्यायला आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं. दुर्गा पुढे, मी मागे. गाडी तापली, चढ आला, आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. महिपत म्हणाला, "बघ वयनी, अमेरिकेचं सीलच खोटं होतं." मी जीभ दाताखाली धरली. कनवटीचा बोळा कमरेला टोचत होता.

वर गाडी थांबली. दुर्गा मागे वळली नाही, अमृतकडेच बघत म्हणाली, "झाली ना बरी? मग उद्या सामान घेऊन ये माडीवर."

अमृतने स्टिअरिंगवरचे हात काढले. माझ्याकडे आरशात बघितलं.

"आईला विचारा, काकी."

दुर्गेला वळावंच लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं.

"काय वो, जाऊबाई?"

"नाही," मी म्हटलं.

"न् गाडी परत बिघडली तर?"

"तर आण आमच्या गॅरेजला. रस्ता दोघींना सारखाच."

आता ती आणते. तेल बघायच्या निमित्ताने दर पंधरवड्याला. अमृत कांडी काढतो, ती शेजारी उभी राहून त्याच्या घामाला पदर लावते, कागदात बांधलेले बोंबील हातात देते, आणि तोही मेला हसून घेतो. मी गॅरेजच्या आतून सगळं बघते. चहा मात्र पाहुण्यासारखा करते तिला. साखर जरा कमी घालते.