बाबांच्या मांडीवरची टाकी

मित्रांनो, दिवाणखान्याच्या भिंतीवर जी चकाकते आहे ना, ती मी. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी. वयाने जुनी आहे, पण तसं वाटत नाही म्हणतात.

बाबा तरुण होते तेव्हा मी या घरात आले. सकाळी ते आधी माझ्यावरून हात फिरवत, मग किक मारत. त्यांचा मुलगा घोड्यावर बसावं तसा माझ्यावर बसून शाळेत जाई आणि टाचा मारी. ते पोचे अजून आहेत. पुढे बाबांचे हात कापू लागले. मला जिन्याखाली गंजाने धरलं, त्यांना खिडकीपाशी खुर्चीने. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे; त्यात भेदभाव मात्र झाला नाही.

मग जुन्या गाड्यांना मान आल्याचं मुलाला कळलं. तो म्हणाला, "बाबा, टाकी झाली की तुम्हाला मागे बसवून नदीपर्यंत नेतो."

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळीच बूट मागू लागले. सून नाडी बांधून द्यायची.

आतला गंज काढायचा तर टाकीत मूठभर बोल्ट टाकून ती तासन्‌तास हलवावी लागते. मुलाचा खांदा लगेच भरून आला. त्याने मला बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि पट्ट्याने खुर्चीला आवळलं.

"धरा बाबा. नाहीतरी तुमचे हात हलतातच, सत्कारणी लागतील."

"अहो, थकतील ते," सून म्हणाली.

"थकले तरी हलतात. तीच तर सोय आहे."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी कुणी त्यांची थट्टा करण्याइतकं जवळ आलं होतं. बोल्ट माझं पोट खरवडत होते, माझी कड त्यांच्या मांड्या. संध्याकाळी मला उपडं केलं तेव्हा तांबडा चिखल पडला. बाबांच्या पायजम्यावरही तांबडं होतं. मुलाने तेही गंजच धरलं.

मग ॲसिडने आंघोळ झाली, गरम हवेने अंग वाळवलं आणि शेवटी आतून पुन्हा गंज चढू नये म्हणून वाळून घट्ट होणारा लेप आला. तो आत ओतून टाकी सावकाश सगळ्या अंगांनी फिरवायची, उरलेला लगेच ओतून टाकायचा आणि पेट्रोल उतरायचं भोक मोकळं करायचं. मुलाने ओतला, मला पुन्हा बाबांच्या मांडीवर बांधलं, एवढ्यात त्याचा फोन वाजला.

"फिरवत राहा. आलोच."

आजकाल वडिलांच्या वस्तू जपतं कोण, असं तो आतल्या खोलीत मित्राला सांगत होता. बोलणं रंगलं.

"अरे, उरलेला ओतायचाय," बाबांनी हाक मारली. त्यांचा आवाजही कापे.

"फोनवर आहे ना मी, बाबा."

पट्टा बाबांना सुटेना. लेप भोकाशी साचला आणि त्याचा दगड झाला. मुलाने तार घातली, खिळा ठोकला. लेप अस्सल निघाला.

"एक काम सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

बाबा वाकून बुटाची नाडी सोडू लागले. बराच वेळ सोडत होते.

उरलेली गाडी भंगारात गेली, मी भिंतीवर आले. 'बाबांची आठवण' म्हणून मुलगा मला दाखवतो. बाबा खालीच बसलेले असतात, त्यामुळे पाहुणे जरा दचकतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. माझी राखतात. रोज सकाळी ओल्या मऊ फडक्याने मला कानाकोपऱ्यांतून पुसतात. मग त्याच फडक्याने बाबांचं तोंड.