गयस

आमच्या गावी धाब्यावर गवत उगवलं की माझी आई ते त्याच दिवशी उपटायची. धाबं म्हणजे आमच्या खानदेशातलं सपाट छत. खाली लाकडं, त्यावर काटक्या, काटक्यांवर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती गावाबाहेरच्या पडक्या गढीतून खणून आणावी लागे. ती खारी आणि चिकट असते, पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यातूनही एखादं पातं वर आलंच, तर आई ते उपटून ती जागा लाकडी चोपण्याने चोपून घट्ट करायची. म्हणायची, मूळ जिथून जातं तिथून पाणी जातं.

त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी गजेंद्रने मला सुरतच्या लिंबायतमधल्या घरांच्या स्लॅबवर गवत लावायच्या कामाला घेतलं, तेव्हा पहिले आठ दिवस माझा हात धजत नव्हता. गजेंद्र आमच्याच भागातला, पण वाढला सुरतमध्ये. वॉटरप्रूफिंगची कामं करता करता त्याने हे छतावरच्या बागेचं काम शिकून घेतलं होतं.

"आप्पा, जन्मभर गवत उपटलं, आता लावा," तो म्हणाला. "फक्त तुमच्या आईला सांगू नका."

"आई वरूनच बघतेय ना, बाबा."

"मग तर बरंच. वरून हिरवं चांगलं दिसतं."

पोरगा बोलायला असा. पण कामात चोख. आधी स्लॅब घासून धुवायचा, भेगा भरायच्या, त्यावर काळी जाड शीट अंथरायची. मग शीटवर चार बोटं पाणी भरून पूर्ण एक दिवस ठेवायचं आणि खाली घरात जाऊन छत कोरडं आहे का ते हाताने बघायचं. ते कोरडं राहिलं तरच पुढे जायचं. शीटवर अंड्यांच्या ट्रेसारखे प्लास्टिकचे ट्रे येतात, जादा पाणी त्यांच्या खालून वाहत नळीकडे जातं. ट्रेवर कापड, कापडावर नारळाचा भुसा मिसळलेली हलकी माती, आणि तिच्यात चिनी गुलाब, कोरफड, लॉनचं गवत.

आमच्या गल्लीत या कामाचं पहिलं घर लक्ष्मणचं होतं. ते मीच सुचवलं होतं.

लक्ष्मण आणि मी एका गावचे. एकाच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, समोरासमोरच्या लूमवर आम्ही एकतीस वर्षं काढली. लूमच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून कारागीर एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. आम्ही दोघं तर वीस फुटांवरून एकमेकांना शिव्या द्यायचो आणि हसायचो, मधल्या माणसाला काही कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मणला अर्धांग झाला. उजवी बाजू गेली. हिंदी गेली, गुजराती गेली, सुरतेत शिकलेलं सगळं पुसलं गेलं. लहानपणची अहिराणी तेवढी उरली, तीही एकेका शब्दाने, आणि आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागे. मला नेण्याची गरज नव्हती. मी ओठ बघायचो.

घरात त्याचा मुलगा गोपाल आणि सून रंजना. गोपाल पांडेसराला डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करतो. रंजना घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. ती जन्मली सुरतेतच. मराठी बोलते, गुजराती त्याहून चांगली बोलते. अहिराणी तिला येत नाही, आणि सुरतेत वाढलेल्या गोपाललाही नाही.

लक्ष्मणची खाट ज्या खोलीत आहे तिच्यावर थेट स्लॅब. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसे. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि घामाने त्या भरत नव्हत्या. डॉक्टरांनी रंजनाला सांगितलं होतं की खोली गार राहिली नाही तर या जखमाच त्याला नेतील.

"काका, झाडांनी खरंच गार होईल ना?" तिने मला विचारलं होतं.

"होईल. मी स्वतः बसवतो."

मार्चमध्ये काम केलं. शीटवर पाणी भरलं, दिवसभर ठेवलं, खालून छत कोरडं. गजेंद्रने माझा हात धरून स्लॅबला लावला. "बघा आप्पा, तुमचाच हात, तुमचंच छत." मी मान डोलावली. पण काळ्या प्लास्टिकच्या एका कागदावर माझ्या मित्राचा जीव ठेवायचा, हे मनाला पटेना. त्याला तर उठून बाजूलाही होता येत नव्हतं.

त्याच्या आदल्या महिन्यात मी गावी गेलो होतो, तेव्हा येताना गढीची पांढरी माती चार पोती आणली होती. कशासाठी आणतोय हे कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी गजेंद्र आणि बाकीचे जेवायला गेले तेव्हा मी ती पोती वर चढवली. लक्ष्मणची खाट खाली नेमकी कुठे येते ते पावलांनी मोजलं आणि तेवढ्या जागेवर, शीटच्या वर, पांढरी माती अंथरली. पाणी शिंपडलं. चोपण्याने आई चोपायची तशी चोपली. तिच्यावर ट्रे दाबून बसवले. ते परत आले तोवर कापड अंथरून झालं होतं.

"आप्पा, जेवला नाहीत?"

"भूक नव्हती."

मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, आपण त्याच्या डोक्यावर धाबं घातलं.

मे महिन्यात खोली खरंच गार झाली. हात लावला तर भिंत नुसती कोमट. लक्ष्मणच्या पाठीच्या दोन जखमा भरल्या. रंजना सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी घालायची, गल्लीतल्या बायका वर जाऊन चिनी गुलाब बघून यायच्या. आणखी अकरा घरांनी गजेंद्रकडे नावं दिली. सरलाबाई म्हणून समोर राहतात, त्या मला म्हणाल्या, "मगनभाऊ, तुम्ही म्हणे गवत लावता आणि माणूस बरा होतो!" मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मग एका मंगळवारी संध्याकाळी मी गेलो तर रंजना कंबरेवर हात ठेवून उभी.

"काका, बाबांना नवीनच खूळ लागलंय. सकाळपासून नुसतं गॅस, गॅस. दोनदा बाटला बघितला. साबणाचं पाणी लावून बघितलं. काही लीक नाही. तुम्ही विचारा ना."

मी खाटेशी बसलो. लक्ष्मणने माझ्याकडे बघितलं, मग वर. त्याचे ओठ हलले.

"गयस."

गॅस नव्हे. गयस. आमच्या बोलीत गयस म्हणजे गळतंय.

मी वर बघितलं. चुना पडतो म्हणून त्या खोलीच्या छताखाली रंजनाच्या सासूने, ती जिवंत असताना, जुनी साडी ताणून बांधलेली होती. गडद निळ्या रंगाची, तिच्यावर मोठमोठी जांभळी फुलं. बरोबर खाटेच्या वरचं एक फूल बाकीच्या फुलांपेक्षा काळं दिसत होतं. आणि साडी तिथे किंचित खाली आली होती. येता-जाता बघणाऱ्याला कळलं नसतं. दिवसभर तेवढंच बघत पडलेल्या माणसाला कळलं होतं.

"काय म्हणतायत?" रंजनाने विचारलं.

बरोबर त्याच जागी मी माती टाकली होती. क्षणात सगळं समजलं. पाणी नळीकडे जातच नव्हतं. मी चोपून केलेल्या थाळ्यात ते रोज साठत होतं, आणि खाली कुठेतरी वाट काढत होतं.

"काका?"

"गॅसच म्हणतोय," मी म्हणालो. "वय झालं की वास येतात नसलेले. तू एकदा बघून घे बाटला."

ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. लक्ष्मण माझ्याकडे बघत राहिला. एकतीस वर्षं त्याने माझे ओठ वाचले होते.

मी मनाशी ठरवलं होतं की रविवारी गोपालला सुट्टी असते आणि तो दुपारभर झोपतो, रंजना त्या दिवशी माहेरी कतारगामला जाते. तेव्हा वर जाऊन गुपचूप तेवढी जागा उकरायची, पांढरी माती काढायची, पुन्हा ट्रे लावायचे. कुणाला काही कळायला नको. चार दिवसांचाच तर प्रश्न. गजेंद्रचं नाव जाईल, अकरा घरं हातची जातील, हे सगळं मी स्वतःला सांगत होतो. खरं एवढंच होतं की मला लाज वाटत होती.

बुधवारी रंजनाने बाटला उचलून बाहेर ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाक स्टोव्हवर केला. "आता तरी शांत होतील," ती म्हणाली. लक्ष्मण शांत झाला नाही. गुरुवारी तो रडला. रंजना पदराने त्याचे डोळे पुसत म्हणाली, "बाबा, नाहीये गॅस, बाहेर ठेवलाय बघा, संपला विषय." तो डावा हात वर करायचा आणि ती तोच हात धरून पुन्हा खाली ठेवायची. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. शुक्रवारी मी गेलोच नाही. रंजनाला निरोप पाठवला की अंगात कणकण आहे.

शनिवारी दुपारी रंजनाची किंकाळी ऐकू आली. माझी खोली चार घरं सोडून आहे. मी अनवाणी धावलो.

साडी एका बाजूने फाटून लोंबत होती. तिच्यात किती दिवसांचा ओला चुना आणि सिमेंटचे पोपडे साठले होते कोण जाणे, ते सगळं एकदम खाली आलं होतं. परातीएवढा एक पोपडा लक्ष्मणच्या उजव्या नडगीवर पडला होता. चादर रक्ताने भिजली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं, ती बाजू मेलेलीच होती. तो पायाकडे बघतही नव्हता. तो वर बघत होता आणि म्हणत होता, "गयस. गयस."

पायाला सात टाके पडले. दवाखान्यातून परत आणल्यावर आम्ही त्याची खाट स्वयंपाकघरात घेतली. तोवर गजेंद्र आला. त्याने छत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"टेस्ट पास झाली होती," तो स्वतःशीच म्हणाला. मग रंजनाला, जरा हळू, "वहिनी, पाणी जास्त मारलं का तुम्ही? नळ चालू राहिला का कधी?"

"नाही हो! काकांनी सांगितलं तेवढंच, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. एक दिवस माझा फोन आला होता, तेव्हा थोडं जास्त झालं असेल. एकच दिवस. त्याने झालं का?"

ती रडायला लागली. गोपाल कामावरून धावत आला होता, तो तिच्याकडे बघत होता.

"तिने पाणी बरोबर मारलं," मी म्हणालो. "वर चला."

गजेंद्र आणि गोपाल माझ्यामागे वर आले. मी चिनी गुलाब हाताने बाजूला केले, माती ओढली, कापड उचललं. ट्रे वर येईना, पांढऱ्या मातीत रुतून बसला होता. गजेंद्रने जोर लावला तसा तो सुटला आणि खाली साठलेलं पाणी आमच्या पायांवर आलं.

"आप्पा, हे काय आहे?"

"गढीची माती. मी टाकली. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

तो उकिडवा बसून हाताने माती बाजूला करत गेला. शीटपाशी त्याची बोटं थांबली. खापराचा एक तुकडा, बोटाएवढा, टोकदार, शीटमध्ये उभा घुसला होता. गढीच्या मातीत असतात खापरं. कुणाच्या तरी पणजीच्या मडक्याची. आई ती निवडून बाजूला काढायची. मी घाईत निवडली नव्हती, वर चोपण्याने ठोकून ठोकून शीटमध्ये घातली होती.

गजेंद्रने तुकडा उपटला आणि माझ्या हातावर ठेवला. "भरवसा नव्हता तर बोलायचं होतं, आप्पा. मी काय मारलं असतं तुम्हाला?"

खाली आलो. रंजना लक्ष्मणला पाणी पाजत होती. गोपालने तिला सांगितलं की तुझी चूक नाही. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, माझ्याकडे वळून म्हणाली, "तरीही बघा ना काका, इतकं झालं आणि बाबा अजून गॅसच म्हणतायत."

इथे मी गप्प राहू शकलो असतो. कुणाला कधी कळलं नसतं.

"तो गॅस म्हणत नाही," मी म्हणालो. "गयस म्हणतो. म्हणजे गळतंय."

तिने ग्लास खाली ठेवला.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मंगळवारी?"

"हो."

"मंगळवारी मी तुम्हाला विचारलं, काका." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हीच म्हणालात, बाटला बघ."

मी लक्ष्मणकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

छत गजेंद्रने दुसरी माणसं लावून पुन्हा केलं. शीट नवी घातली, पाणी भरून दोन दिवस ठेवलं. मला बोलावलं नाही. पांढरी माती तेवढी मी एकट्याने घमेल्याने खाली उतरवली. अकरा घरांपैकी चार घरांनी नावं काढून घेतली. लक्ष्मणच्या पायाची जखम अजून भरलेली नाही, कडेने पिवळी आहे. तिथलं ड्रेसिंग रंजना दिवसाआड करते.

मी जातो संध्याकाळी. मला कुणी नको म्हटलेलं नाही. रंजना चहा ठेवत नाही, आणि मी दाराजवळच्या स्टुलावर बसतो. निळी साडी काढून टाकली आहे, छत आता उघडं दिसतं. झाडांना पाणी घालून झालं की ती ओल्या पायांनी जिना उतरून येते, खाटेशी वाकते, सासऱ्याच्या ओठांवर नजर ठेवते आणि विचारते, "बाबा, गयस?"

तिच्या तोंडून तो शब्द अजूनही गॅससारखाच निघतो. पण लक्ष्मणला समजतो. तो छताकडे बघतो, सावकाश, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

"नही," तो तिला सांगतो.